अपडाऊनच्या डब्यात कोणता अल्बम?

माझा भाचा अमळनेरहून जळगावला रोज अपडाऊन करतो. सकाळी खिडकी मिळाली तर ठीक, नाहीतर दाराजवळ बॅग पायात धरून उभा. पहिल्या पगारातून त्याने कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेतले आणि मला फोन केला. "मामा, तुम्ही ते आरडाओरड्याचं इंग्रजी ऐकायचे ना, त्यातला एक अल्बम सांगा. एकच. महिनाभर तोच ऐकतो. नाही जमला तर विषय बंद."

‘एकच’ म्हटल्यावर माझी पंचाईत झाली. यादी मागितली असती तर पन्नास नावं टाकून मोकळा झालो असतो. शेवटी पाच अल्बम बाजूला काढले आणि दोन आठवडे रोज रात्री एकेक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. त्याचा हा हिशेब. मराठी शाळेत शिकलेल्या, इंग्रजी वाचता येणाऱ्या पण गाण्यातलं इंग्रजी कानात न शिरणाऱ्या माणसाला रॉक-मेटल कुठून सुरू करायचं असेल, तर त्यालाही तो उपयोगी पडावा.

कसोटी आधी सांगतो. अल्बम किती खपला, परदेशातल्या मासिकाने त्याला कितवा नंबर दिला, याच्याशी मला कर्तव्य नाही. शब्द अजिबात कळले नाहीत तरी अल्बम उभा राहतो का, एवढंच बघायचं. आपले कान काही कोरे नसतात. लग्नातला बँड, संबळ, कानबाईच्या रात्रीची गाणी, आणि माणूस नंदुरबारकडचा असेल तर काठी गावच्या होळीला रात्रभर वाजणारे ढोल, एवढं सगळं त्यात आधीच साठलेलं असतं. त्या कानाला ठेका आणि चाल लगेच सापडते. शब्द मागून येतात, माझ्या बाबतीत काही गाण्यांचे दहा वर्षांनी आले. दुसरी कसोटी गाडीची. अमळनेर ते जळगाव म्हणजे गाडीने मान राखला तर तासाभराचा मामला, मध्ये धरणगाव. त्या तासात, त्या गर्दीत काय टिकतं?

माझी स्वतःची गोष्ट आधी सांगून टाकतो. माझा कल कुठे आहे ते कळेल आणि तेवढं वजा करून पुढचं वाचता येईल.

१९९७ साली धुळ्यात पाचकंदीलजवळ एक जण कोऱ्या कॅसेटवर हवा तो अल्बम भरून द्यायचा. मी मेटॅलिका या मेटल बँडचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ भरून घेतला. अल्बम पंचावन्न मिनिटांचा, दोन्ही बाजूंना चार-चार गाणी, आणि कॅसेट साठची. म्हणजे प्रत्येक बाजूला दोन-तीन मिनिटांची फीत उरते. उरलेली फीत वाया कशाला घालवायची, म्हणून त्या भल्या माणसाने दुसऱ्या बाजूच्या शेवटी एका अहिराणी लग्नगीताचं दीड कडवं भरलं होतं. ‘डॅमेज, इंक.’ हे अल्बममधलं शेवटचं आणि सगळ्यात पिसाळलेलं गाणं धाडकन संपायचं आणि लगेच बायका हळद लावायला यायच्या.

त्यात घरी वीज कमी आणि लाइट गेलेली जास्त. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा, आणि सेल उतरत आले की फीत हळू फिरायची. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ मी असा महिनाभर ऐकला. मला तो संथ, घोगरा, चिखलातून बैलगाडी ओढल्यासारखा अल्बम वाटायचा आणि प्रचंड आवडायचा. पुढे नाशिकला मित्राच्या खोलीवर सीडीवर ऐकला तेव्हा मी त्याला म्हणालो, "तुझं मशीन बिघडलंय, हे पळतंय." त्याला हसू आवरेना. खरा वेग तोच होता. त्यांचा गायक-गिटारवाला जेम्स हेटफिल्ड शीर्षकगीतात उजवा हात जवळजवळ सगळा वेळ फक्त खालच्या दिशेने मारतो, वर येताना तार छेडत नाही. त्यामुळे प्रत्येक ठोका सारख्याच वजनाने बसतो. त्या वेगात तसं आठ-साडेआठ मिनिटं वाजवणं म्हणजे काय, हे हातात गिटार घेतल्याशिवाय कळत नाही. मी घेतली, मनगट धरलं, ठेवून दिली.

अल्बम ३ मार्च १९८६चा, कोपनहेगनमध्ये रेकॉर्ड केलेला. बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा क्लिफ बर्टन त्याच वर्षी २७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये दौऱ्याची बस उलटून गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. ‘ऑरायन’ हा साडेआठ मिनिटांचा तुकडा ऐकताना ते माहीत असलेलं बरं. त्यात एकही शब्द नाही. मधोमध सगळं शांत होतं, बेस एकटा चालायला लागतो आणि त्याच्यावर गिटारी एकेक करून चढत जातात. माझ्या पहिल्या कसोटीला याहून चांगला उमेदवार शोधून सापडायचा नाही. शीर्षकगीत अंमली पदार्थाच्या तोंडचं आहे, ‘मी तुझा मालक’ असं ती पूडच व्यसनी माणसाला सांगते आहे, हे मला कितीतरी उशिरा कळलं. कळल्यावर गाणं आवडायचं थोडंसुद्धा वाढलं नाही, कारण मालकी त्या ठोक्यांतूनच कळली होती.

मग हाच अल्बम भाच्याला का देऊ नये? कारण पहिल्या ऐकण्यात तो भिंतीसारखा लागतो. आठातली तीन गाणी आठ मिनिटांच्या पुढची. गाण्यात चार-पाच वळणं, आणि नवख्याला वाटतं दुसरं गाणं लागलं. गाडीत हिशेब मात्र बरा जमतो. अमळनेर सुटताना ‘बॅटरी’ लावलं तर धरणगावच्या आसपास ‘सॅनिटेरियम’ संपतं, म्हणजे पहिली बाजू पूर्ण. पण चार-पाच फेऱ्या झाल्याशिवाय तो उघडत नाही, आणि महिन्याभरात विषय बंद करण्याची धमकी देणाऱ्याला पाचव्या फेरीपर्यंत नेणार कोण?

याच मंडळींचा १९९१चा अल्बम, ज्याचं नाव नुसतंच ‘मेटॅलिका’ आणि ज्याला सगळे ‘ब्लॅक अल्बम’ म्हणतात, तो बरोबर या अडचणीवर काढलेला तोडगा आहे. बॉब रॉक नावाचा निर्माता आणला, वेग उतरवला, गाणी आखूड केली, ढोलाचा आवाज छातीवर बसेल एवढा मोठा केला. ‘एंटर सँडमन’ची चाल एकदा ऐकली की विसरता येत नाही. मेटलमध्ये याच्याइतका खपलेला अल्बम क्वचितच असेल आणि त्यात नवल काही नाही, दुकानाचं शटर पूर्ण वर करून ठेवलंय. गिटारच्या क्लासला जाणारं पोर हमखास ‘नथिंग एल्स मॅटर्स’ची सुरुवात वाजवून दाखवतं, कारण त्यातले पहिले सूर मोकळ्या तारांवरच आहेत, डाव्या हाताला कामच नाही. हेटफिल्डने ते सुचलं तेव्हा एका हातात फोन धरला होता म्हणतात, ते पटण्यासारखं आहे.

दोन्ही शेजारी ठेवले तर फरक असा. ब्लॅक अल्बमचं प्रत्येक गाणं सुटं ऐकता येतं, ‘पपेट्स’ सलग ऐकावा लागतो. ब्लॅक अल्बम गाडीत, टपरीवर, जिममध्ये कुठेही चालतो. पण बारा गाणी आणि बासष्ट मिनिटं. आठव्या गाण्यावर ‘नथिंग एल्स मॅटर्स’ येऊन गेलं की पुढची चार मला ताणल्यासारखी वाटतात. ‘माय फ्रेंड ऑफ मिझरी’ची बेसची सुरुवात तेवढी सोडून. ज्याला एखादं गाणं आधीच आवडलंय आणि त्याच्या आसपासचं ऐकायचंय, त्याने बेधडक ब्लॅक अल्बम घ्यावा. माझं दुःख एवढंच की इथून सुरुवात केलेले बरेच जण इथेच थांबतात. आमच्या कॉलेजातले दोघे-तिघे अजून ‘सँडमन’च्या पुढे गेलेले नाहीत. या दोन अल्बमच्या मधला त्यांचाच १९८८चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ मात्र पहिला म्हणून चुकूनही लावू नका. त्यात बेस इतका दाबलाय की नवीन हेडफोनवाला माणूस हेडफोन परत करायला जाईल.

आता पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’. मार्च १९७३. हे मेटल नाही, त्यात कोणी ओरडतही नाही, म्हणजे एकीकडे ओरडत नाही असं म्हणतो, पुढे बघा काय झालं ते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ताई माहेरी आली, बरोबर भाचा. धुळ्याची वैशाखातली रात्र, घरात झोपायची सोय नाही, सगळे गच्चीवर. गाद्यांवर पाणी शिंपडलेलं. मी छोटा स्पीकर आणला आणि हा अल्बम लावला. सुरुवातीला हृदयाचे ठोके येतात, इतके हळू की भाच्याने विचारलं, चालू झालंय का? ‘टाइम’च्या आधी सगळी घड्याळं एकदम वाजायला लागतात. ॲलन पार्सन्स या ध्वनिमुद्रकाने ती जुन्या वस्तूंच्या दुकानात जाऊन एकेक करून टेपवर घेतली होती. ती वाजली आणि शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "काय झालं हो?"

मग ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ लागलं. यात क्लेअर टोरी नावाची गायिका एकही शब्द न उच्चारता नुसती गाते. आलाप म्हणा, आक्रोश म्हणा, दोन्हींच्या मधलं काहीतरी आहे. त्या दिवसाच्या कामाचे तिला तीस पौंड मिळाले होते. पुढे तिने दावा केला आणि २००५ साली तडजोड होऊन गाण्याच्या रचनेत तिचं नाव लागलं. हे सगळं मी भाच्याला सांगत होतो तेवढ्यात ताई उशीवरून डोकं उचलून म्हणाली, "हाई बाई कसाले रडी राह्यनी रे?" मी म्हटलं, मरणाचं गाणं आहे ताई. ती म्हणाली, "ते समजनं." आणि पुन्हा आडवी झाली. जिला इंग्रजीचा एक शब्द येत नाही तिला गाण्याचा विषय पोहोचला. कसोटीवर पैकीच्या पैकी.

पण गाडीत? गाडीत हा अल्बम वाया जातो. तो कुजबुजीने सुरू होतो, मध्ये मध्ये लोक पुटपुटतात, एक गाणं दुसऱ्यात विरघळतं. तिथे ‘चाय, चाय’ आली की सगळं विस्कटलं. फुकटच्या ॲपवर तर आणखी वाईट. शेवटची दोन गाणी म्हणजे एकाच श्वासाचे दोन भाग, आणि त्यांच्या बरोबर मधे साबणाची जाहिरात. ऐकायचाच असेल तर सलग वाजेल अशी सोय करा, त्रेचाळीस मिनिटं मोकळी ठेवा, अंधार असला तर उत्तम. अमेरिकेत हा अल्बम १९७३ ते १९८८ या काळात एकूण ७४१ आठवडे खपाच्या यादीत होता. इतकी माणसं इतकी वर्षं तो पुन्हा पुन्हा घेत राहिली, यावरून तो किती झिजवता येतो ते कळतं. आमच्या गच्चीवर ‘अस अँड देम’ सुरू असताना भाचा झोपला. त्याचं काही चुकलं नाही, ते गाणं तसंच आहे.

चौथा, ब्लॅक सॅबथचा ‘पॅरॅनॉइड’. सप्टेंबर १९७०, म्हणजे या पाचांतला सगळ्यात म्हातारा. गंमत म्हणजे माझ्या उतरलेल्या सेलवरचा मेटॅलिका ज्याच्यासारखा वाजायचा तो हाच. जड, संथ, जमिनीला धरून. बँडचं गाव बर्मिंगहॅम, इंग्लंडातलं कारखान्यांचं शहर, आणि गिटार वाजवणारा टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला. सतरा वर्षांचा असताना, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि दाबायला सोप्या म्हणून बेंजोच्या बारीक तारा गिटारला लावल्या. बेंजो म्हणजे तिकडचा, आपल्या वरातीतला नव्हे. पुढे १९७१च्या अल्बमात त्याने तारा आणखी सैल केल्या आणि आवाज अजून खाली गेला. पुढच्या सगळ्या मेटलचं वजन या दोन तुटक्या बोटांतून आलंय म्हटलं तर फार चूक होणार नाही.

‘आयर्न मॅन’ ऐका. पाच-सात सूर, तेच पुन्हा पुन्हा, पाय ओढत चालणाऱ्या हत्तीसारखे. गायक ऑझी ऑस्बोर्नही तीच चाल गिटारच्या मागोमाग म्हणतो, त्यामुळे शब्द कळले काय न कळले काय. आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक काका होते. त्यांना मी ही चाल एकदा तोंडाने म्हणून दाखवली होती. दुसऱ्या ऐकण्यात त्यांनी ती ट्रम्पेटवर काढली आणि विचारलं, "कोणत्या पिच्चरचं?" या कसोटीपुढे बाकीच्या कसोट्या मला फिक्या वाटतात. ‘वॉर पिग्स’ युद्धावर पाठवणाऱ्या सेनापतींना शिव्या घालतं, त्याच्या सुरुवातीचा भोंगा ऐकला की काहीतरी वाईट येतंय हे कळतंच. शीर्षकगीत तीन मिनिटांपेक्षा कमी, अल्बममध्ये जागा उरली म्हणून घाईत केलेलं, आणि तेच सगळ्यात गाजलं. ‘प्लॅनेट कॅराव्हॅन’ मात्र एकदम मऊ, पाण्याखालून गायल्यासारखं. आठ गाणी, बेचाळीस मिनिटं. गाडी वेळेवर असली तरी अल्बम जळगावच्या आधी संपतो.

कमतरता सांगायची तर आवाज जुना आहे. आजच्या रेकॉर्डिंगची सवय असलेल्याला पहिल्या दिवशी तो डब्यातून आल्यासारखा वाटेल. दुसऱ्या बाजूला ‘रॅट सॅलड’मधला ड्रमचा तुकडा मी आजही पुढे ढकलतो.

पाचवा अल्बम रॉकवाल्यांच्या यादीत बसतो की नाही यावर वाद घालणारे घालोत. इंडियन ओशनचा ‘कंदिसा’, २०००. दिल्लीची मंडळी. तबला आहे, बेस आहे, सुश्मित सेनची गिटार आहे, ओरडणं नाही. इथे माझी शब्दांची कसोटीच उलटी होते, कारण काही शब्द आपले आहेत. ‘मा रेवा’ हे नर्मदेचं गाणं. बेस वाजवणारा राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात होता आणि ते लोकगीत त्या खोऱ्यातून आलेलं आहे. ते खोरं म्हणजे आपल्याच खान्देशाची वरची कड. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातलं जे गाव पहिल्यांदा गेलं ते मणिबेली अक्कलकुव्याचंच, नंदुरबार जिल्हा वेगळा व्हायच्या आधी धुळ्यातलं. शाळेत असताना वर्तमानपत्रात ते नाव रोज दिसायचं. आणि ज्या गाण्यावरून अल्बमचं नाव आहे ती अरामाइक भाषेतली जुनी प्रार्थना, तिचा एकही शब्द कोणाला कळत नाही आणि तीच लोक डोळे मिटून ऐकतात. ज्याला मेटलच्या आवाजाची भीती वाटते, घरात सगळ्यांसमोर स्पीकरवर लावायचंय, त्याने इथून सुरू करावं. भाच्याला आरडाओरडाच हवा होता म्हणून हा मागे पडला, नाहीतर वर आला असता. देशी ठेका आणि आरडाओरडा दोन्ही हवं असेल तर दिल्लीच्याच ब्लडीवूडचा २०२२चा ‘रक्षक’ आहे, ढोल, बासरी आणि हिंदी-पंजाबी शब्दांसकट. तो माझ्या कानाला जरा चकचकीत लागतो, पण वय पंचवीसच्या आत असेल तर माझं ऐकू नका.

बाकीचे झटपट. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ छान आहे, पण त्याची अर्धी मजा कर्ट कोबेनच्या कंटाळलेल्या स्वभावात आहे, ती महिनाभराने चढते. गन्स एन’ रोझेसचा ‘ॲपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ गाडीपेक्षा ट्रकमध्ये जास्त शोभतो. आयर्न मेडनला गोष्ट कळावी लागते, त्यामुळे इंग्रजीशी सलोखा झाल्यावर घ्या. स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ एकोणतीस मिनिटांत संपतो, म्हणजे जळगाव–भुसावळला पुरतो. पण पहिल्याच दिवशी तो ऐकणं म्हणजे पोहायला शिकवतो म्हणून तापीच्या पुरात ढकलण्यासारखं.

तर भाच्याला मी ‘पॅरॅनॉइड’ सांगितला. तोच गिटार शिकत असता तर ब्लॅक अल्बम दिला असता. घरी स्वतःची खोली आणि रात्रीचा निवांत तास असता तर ‘डार्क साइड’. त्याच्याकडे होता दाराजवळचा कोपरा आणि तासभर खडखडाट, आणि त्या खडखडाटात ‘आयर्न मॅन’ उलट जास्त चांगला लागतो, रुळांचा ठेका त्याला साथ करतो.

आठव्या दिवशी फोन आला, पाळधीच्या आसपास कुठूनतरी, मागे गाडीचा आवाज. बाजूला बसलेल्या काकांनी विचारलं म्हणे, काय गुणगुणतोयस कधीपासून. महिना पूर्ण व्हायच्या आतच त्याने पुढचा मागितला. ‘पपेट्स’चं शीर्षकगीत त्याला एका वेबसिरीजमुळे आधीच ठाऊक होतं, मी म्हटलं आता सबंध ऐक.

आखाजीला आला तेव्हा तो अल्बम चांगला पाठ झाला होता. माझी जुनी कॅसेट अजून आहे कळल्यावर हट्टच धरला. टेपरेकॉर्डरला नवे सेल घातले, फीत पेन्सिलीने ताणून घेतली, दुसरी बाजू लावली. ‘डॅमेज, इंक.’ संपलं. मी उठून बटण दाबणार तेवढ्यात त्याने हात धरला. हळदीच्या बायकांचं दीड कडवं पूर्ण वाजलं आणि फीत खटकन थांबली.

"मामा," तो म्हणाला, "हे पूर्ण कुठे मिळेल?"